फळ्यामागचे डबे आणि पडद्यामागची जात

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते तेव्हाची गोष्ट आपल्या प्रत्येक चरित्रग्रंथात आहे. शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले. वर्गात गलका झाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोहोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला केले, आणि मग भीमरावाने गणित सोडवले.

ही गोष्ट आपण भाषणात सांगतो, डोळे पाणावतात आणि पुढे जातो. पण त्या वर्गातल्या फळ्याचा विचार आपण कधी केला आहे का? फळा हे त्या काळचे शिकवण्याचे साधन. त्यावर लिहिलेले वर्गातल्या सगळ्यांना सारखेच दिसते. काळ्या फळ्याला जात नाही, खडूला जात नाही. जात होती ती फळ्याच्या मागे ठेवलेल्या डब्यांत, आणि ते डबे उचलायला धावणाऱ्या हातांत.

आज फळ्याची जागा पडद्याने घेतली आहे. मोबाइलचा पडदा, लॅपटॉपचा पडदा. स्वयम, एनपीटीईएल, गुगल क्लासरूम, मूडल, झूम, यूट्यूब अशी नावे महाविद्यालयातल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीच्या तोंडी आहेत. कार्यकर्त्यांच्या बैठकीत तरुण विचारतात, "सर, यातले चांगले कोणते? काय वापरावे?" प्रश्न योग्यच आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की या पडद्याच्या मागे कोणाचे डबे ठेवले आहेत?

याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. शिकण्याचे नवे साधन आले आणि ते आपोआप आपल्यापर्यंत पोहोचले, असे या देशात एकदाही घडलेले नाही. ज्या ज्या वेळी ते पोहोचले, त्या त्या वेळी आपल्या माणसांनी त्या साधनाची वेळ बदलली, जागा बदलली, भाषा बदलली. साधन दुसऱ्याने घडवले असेल, पण त्याची व्यवस्था आपण उभी केली. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

झिरपणारे ज्ञान आणि रात्रीची शाळा

इंग्रजी राजवटीत छापखाना आला, पाठ्यपुस्तके आली, विद्यापीठे आली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. सरकारचे धोरण काय होते? वरच्या वर्गाला शिकवा, त्यांच्याकडून ज्ञान आपोआप खाली झिरपेल. पण ज्या समाजात पाणीसुद्धा वरून ओंजळीत ओतले जात होते, तिथे ज्ञान कसले झिरपणार? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमक्या याच धोरणावर बोट ठेवले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि खर्च मात्र उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा हिशेब होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती.

पण जोतीराव निवेदन देऊन थांबणाऱ्यांपैकी नव्हते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतर अस्पृश्य मुलामुलींसाठी शाळा निघाल्या. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. या रात्रीच्या शाळेचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. पाटी तीच, पुस्तक तेच. बदलली ती वेळ. दिवसभर राबणाऱ्या माणसाला सकाळी अकराची शाळा कितीही मोफत दिली तरी ती त्याच्यासाठी बंदच असते. जोतीरावांनी शाळेचे घड्याळ कामगाराच्या घड्याळाला जुळवले. १८५५ सालीच त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्याला लिहायची बंदी होती तो समाज शाळा उघडल्यावर काही वर्षांतच छापखान्यापर्यंत पोहोचला. साधन आपल्या हाती आले की आपण काय करतो, याचा हा पहिला पुरावा.

एक खोली, एक बाग, एक माणूस

आता बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे बघा. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप, त्यातच अभ्यास. घरात गजबज असायची, म्हणून भीमराव लवकर झोपत. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मुलाला उठवून मग स्वतः आडवे होत. अभ्यासाची जागा नव्हती तर बापाने वेळ काढून दिली. स्वतःची झोप देऊन काढून दिली.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथे त्यांना विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. केळुसकरांनी त्यांना पुस्तके दिली, मार्ग दाखवला. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारात आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी भीमरावांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांच्या मदतीसाठी शब्द टाकणारेही केळुसकरच.

पुस्तक हे साधन होतेच. पण पुस्तकाबरोबर बसायला बाग लागली, जागणारा बाप लागला, कोणते पुस्तक वाचावे हे सांगणारा केळुसकर लागला. यातला एक जरी धागा तुटला असता तर? आज आपल्या मुलाच्या हातात फोन आहे, फोनमध्ये जगातली ग्रंथालये आहेत. पण बसायला जागा कुठे आहे? आणि त्याचा केळुसकर कोण आहे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न आपल्या पुरता सोडवला आणि विसरले, असे झाले नाही. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये आणि शैक्षणिक वर्ग यांना पुढचे स्थान होते. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. विद्यार्थ्यांकडून 'सरस्वती विलास' हे मासिक काढून घेतले. महाडचा संगर १९२७ चा. त्याआधी दोन-तीन वर्षे ही चळवळ वाचायला जागा आणि राहायला खोली उभी करत होती. चवदार तळ्याच्या आधी वाचनालय आहे, हा क्रम कार्यकर्त्यांनी विसरू नये.

सिद्धार्थ आणि मिलिंद : व्यवस्थेचा धडा

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही युद्धकाळात लष्करासाठी उभारलेल्या बराकींत. भव्य इमारत होईपर्यंत थांबू, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. या महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे विद्यार्थ्याला वर्ग करून नोकरीवर जाता येई. पुन्हा तेच. जोतीरावांनी शाळा रात्री नेली, बाबासाहेबांनी महाविद्यालय सकाळी आणले.

१९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उघडले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. निजामी राजवटीतून नुकताच बाहेर पडलेला मराठवाडा. पदवीच्या शिक्षणासाठी गावातल्या दलित मुलाने हैदराबादला जायचे कसे? म्हणून महाविद्यालय त्याच्याजवळ नेले, आणि त्याला वसतिगृहाची जोड दिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसे तिथे उभी राहिली. नागसेनवनाच्या त्या परिसरातून पुढे दलित साहित्याची एक पिढी घडली, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ची चळवळ उभी राहिली. हे केवळ पाठ्यपुस्तकांमुळे झाले नाही. ज्या ठिकाणी वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय आणि विद्यार्थ्याचे आडनाव न विचारणारे शिक्षक एकत्र आले, त्या ठिकाणी हे झाले.

दूरदर्शनवरचा वर्ग कोणाच्या घरात भरला?

नंतरचे मोठे साधन म्हणजे दूरचित्रवाणी. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू केला. पुण्यासह काही विद्यापीठांत त्यासाठी निर्मिती केंद्रे होती. कल्पना मोठी होती : देशातल्या कोपऱ्यातल्या विद्यार्थ्याला उत्तम प्राध्यापक घरबसल्या मिळावा. पण कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत. आणि १९८४ साली झोपडपट्टीत, गावकुसाबाहेर, किती घरांत टीव्ही होता? "देशव्यापी वर्ग" असे नाव असले तरी तो भरला टीव्ही असलेल्या, इंग्रजी कळणाऱ्या घरांत. हंटर आयोगाच्या काळातले 'झिरपण्याचे' धोरण उपग्रहावर चढून परत आले होते.

याच काळात दुसरी एक वाट उघडली, ती मुक्त विद्यापीठांची. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला स्थापन झाले. १९९१ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. तिथे पुस्तके मराठीत मिळाली, तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्र मिळाले, रविवारी संपर्कवर्ग मिळाला. सफाई कामगार, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या भगिनी पदवीधर झाल्या. टीव्हीच्या तुलनेत हे साधन मागासलेले दिसते. साधी पुस्तके आणि टपाल. पण त्यात वेळ, जागा आणि भाषा शिकणाऱ्याची होती. म्हणून ते पोहोचले.

वेबचे आश्वासन आणि २०२० चा आरसा

एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेब आले. विकिपीडिया २००१ चा, मराठी विकिपीडिया २००३ चा. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या वर्गांतली अभ्याससामग्री सर्वांना मोफत देण्याची घोषणा २००१ मध्ये केली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी मूडल ही प्रणाली खुली केली. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून एनपीटीईएल सुरू केले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे स्वयम आले. ज्या आयआयटीच्या फाटकातून आपली मुले मोजून आत जातात, त्या आयआयटीचा प्राध्यापक आता लातूरच्या, गडचिरोलीच्या मुलाला फोनवर शिकवू लागला. ही लहान गोष्ट नाही. या साधनांना सरसकट "ब्राह्मणी कावा" म्हणून झटकून टाकणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. रेकॉर्ड केलेले व्याख्यान आडनाव विचारत नाही. ते दहा वेळा मागे घेऊन ऐकता येते, आणि दहाव्यांदा ऐकले म्हणून कोणी हसत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला याची किंमत कळते.

पण दुसऱ्या बाजूने सरकारने काय केले? २०१६ च्या नियमांनुसार महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा २० टक्क्यांपर्यंतचा भाग स्वयमवरून पूर्ण करता येत होता. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे ऐच्छिक म्हणून आलेली गोष्ट हळूहळू वर्गाची जागा घेऊ शकते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि विद्यार्थ्याला दुवा पाठवायचा, ही सोय कोणाची? राखीव जागांवरचा प्राध्यापक नेमायचा नसेल तर याहून चांगले निमित्त कोणते?

आणि तो दुवा उघडणार कशावर? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्क्यांकडे. संगणक ग्रामीण भागात ४ टक्क्यांच्या आसपास कुटुंबांत, शहरांत २३ टक्क्यांच्या आसपास. या पायावर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळे शिक्षण एका रात्रीत ऑनलाइन झाले. एका घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर जाणार, आणि शिकणारी तीन मुले. फोन आधी कोणाला मिळाला? बहुतेक घरांत मुलाला, मुलीला नंतर. त्यानंतर स्मार्टफोन वाढले हे खरे. पण फोनवर व्याख्यान ऐकता येते, वीस पानांचा प्रकल्प अहवाल लिहिणे वेगळे.

कॅमेऱ्याचेही तसेच. वर्गात सगळे एका बाकावर बसतात, कोणाचे घर कसे आहे ते दिसत नाही. ऑनलाइन वर्गात कॅमेरा चालू करा म्हटले की पत्र्याचे छप्पर दिसते, मागे चालणारे भांडण ऐकू येते. नावाच्या पट्टीत आडनाव झळकते. एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या एका प्राध्यापिकेने ऑनलाइन वर्गात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारी वर्गातल्या मुलांना शिवीगाळ केली. त्याची चित्रफीत देशाने पाहिली, प्राध्यापिकेला निलंबित करावे लागले. एल्फिन्स्टनच्या फळ्यापासून या पडद्यापर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. डबे अजून मागेच आहेत. फरक इतकाच की पडद्याने या वेळी पुरावा राखून ठेवला.

मोफत या शब्दाबद्दलही सावध राहा. गुगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण मोफत दिली होती. २०२१ मध्ये मर्यादा जाहीर झाली आणि २०२२ पासून ती लागू झाली. ज्याने दिले तो परत घेऊ शकतो. मूडलचे तसे नाही. त्याची प्रणाली खुली आहे, कोणतेही महाविद्यालय ती आपल्या संगणकावर बसवून स्वतःच्या मालकीने चालवू शकते. तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क आणि कोणीतरी वरून ओतलेले पाणी, यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

जातिनिर्मूलनाचा ग्रंथ आणि आपले काम

आता आपल्याच विचारधनाचे उदाहरण. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण नाकारले. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि अनेक भारतीय भाषांत भाषांतरे सुरू झाली. सभागृह नाकारले तर छापखाना वापरला. तेच भाषण पुढे कोलंबिया विद्यापीठाने वेबवर आणले. प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी त्याची विभागवार मांडणी केली, टिपा जोडल्या, आणि विद्यापीठाच्या नवमाध्यम केंद्राने ते विद्यार्थ्यांसाठी अभ्याससाधन म्हणून उभे केले. ज्या विद्यापीठात बाबासाहेब १९१३ मध्ये शिकायला गेले, त्या विद्यापीठाने त्यांचा ग्रंथ वेबवर शिकवायला घेतला.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढली. हे फार मोठे काम. पण पुढे खंडांची छपाई इतकी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस खंड मागतो आणि खंड नसतो.

मग आपण हात बांधून बसायचे का? कायदा आपल्या बाजूने आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. १ जानेवारी २०१७ पासून बाबासाहेबांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले आहे. इतरांनी केलेल्या भाषांतरांचे हक्क वेगळे, तिथे जपून. पण 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' या पत्रांतले बाबासाहेबांचे स्वतःचे मराठी लेखन टंकित करून, टिपा जोडून, शोधता येईल अशा रूपात वेबवर ठेवायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. लागते ती मेहनत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासिका चालावी. एक वायफाय जोडणी, दोन जुने लॅपटॉप, एक प्रिंटर. मुलींसाठी वेळ राखून ठेवलेली. स्वयमवर किंवा एनपीटीईएलवर एकट्याने नाव नोंदवू नका, पाच जणांच्या गटाने नोंदवा. एकट्याचा अभ्यासक्रम तिसऱ्या आठवड्यात सुटतो, गटाचा टिकतो. एनपीटीईएलने काही व्याख्यानांची लिखित रूपे मराठीतही आणली आहेत, ती छापून ठेवा. जिथे मराठी नाही तिथे गटाने मराठी टिपणे काढावीत आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ठेवून जावीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शोधगंगावरचे प्रबंध वाचायला शिकावे. आपल्या विषयांवर कोणी काय लिहून ठेवले आहे ते तिथे सापडते. मराठी विकिपीडियावर आपल्या चळवळीतल्या माणसांची पाने अपुरी असतील तर तक्रार करू नका, संदर्भासह लिहा. आणि नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या लोकांनी महिन्यातून दोन रविवार अभ्यासिकेत बसावे. तुमच्यासाठी कोणी तरी केळुसकर झाला होता, आता पाळी तुमची.

त्याच वेळी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना निवेदन द्या. ऑनलाइन अभ्यासक्रम हा शिक्षकाला पर्याय नाही, रिकाम्या राखीव जागा भरा. संगणककक्ष आणि ग्रंथालय वर्गाच्या वेळेनंतरही उघडे ठेवा. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नको. ऑनलाइन वर्गातल्या जातीय वागणुकीची तक्रार कोणाकडे करायची, ते नाव फलकावर लावा. अभ्यासिका उभारणे आणि निवेदन देणे, ही दोन्ही कामे एकत्र चालली पाहिजेत. जोतीराव हंटर आयोगापुढेही गेले आणि रात्रीची शाळाही चालवली. एक केले म्हणून दुसरे सोडले नाही.

"शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हे आपण भिंतीवर लिहितो. वेबने पहिला शब्द एकट्याने पाळणे सोपे केले आहे, आणि धोका तिथेच आहे. खोलीत एकटा बसून, कानात हेडफोन घालून शिकलेला मुलगा नोकरीला लागेल, वस्ती मात्र तशीच राहील. भीमराव फळ्याजवळ गेले आणि गणित सोडवले, पण आयुष्यभर झगडले ते फळ्यामागचे डबे हटवण्यासाठी. आपल्या मुलांनी पडद्यावरचे गणित जरूर सोडवावे. डबे हटवायचे काम मात्र कोणतेही ॲप करणार नाही.

जय भीम!